कमानपाट्याचं पातं

बाई घण मारते म्हटलं की लोकांना अजून नवल वाटतं. आमच्यात त्याचं कुणाला काही वाटत नसे. लोहाराच्या घरी पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, लहान हातोडीनं ठोका मारून जागा दाखवतो, आणि समोर उभी राहिलेली बाई नेमक्या त्या जागेवर घण घालते. माझी आई कळंबला हेच करायची. मीही हात-पाय बळकट झाल्यापासून हेच करत होते. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराला माझं लग्न झालं आणि नळदुर्गला आले तीही हेच करायला. शाळेत चौथीपर्यंत गेले होते म्हणून सासरी मला ‘शिकलेली’ म्हणत. त्यात कौतुक थोडं आणि टोमणा जास्त असायचा.

मला घण आवडायचा. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या कष्टांचा विषय निघाला की ऐकणाऱ्याचे डोळे माझ्याआधी भरून येतात. खांदे दुखायचे, हाताला घट्टे पडायचे, उन्हाळ्यात भट्टीपुढं जीव नकोसा व्हायचा, सगळं खरं. पण ह्यांची हातोडी आणि माझा घण एका लयीत पडायला लागले आणि ऐरणीवरचं लोखंड आपलं म्हणणं ऐकायला लागलं की मला कुणाचीच भीती वाटत नसे, अगदी सासूबाईंचीही. चुलीपुढं बसण्यापेक्षा मला ते काम बरं वाटायचं. आणि भाकरीही माझी काही वाईट होत नव्हती.

आमची भट्टी सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून होती, मागं घर. घरात आम्ही चौघंच: सासरे, सासूबाई, हे आणि मी. रस्त्यावरून ट्रक जायचे, त्यांचे कमानपाटे मोडायचे. कमानपाटा म्हणजे ट्रकच्या चाकावर वजन पेलणारी पोलादी पट्टी. मोडलेल्या पट्ट्या आमच्याकडं यायच्या आणि त्यांच्या आम्ही कुऱ्हाडी करायचो. साध्या लोखंडाच्या कुऱ्हाडीपेक्षा ती कुऱ्हाड दुप्पट चालते, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं.

सासऱ्यांचं नाव होतं ते पाण्यासाठी. लोखंड लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं आणि धार धरतं. त्याला आम्ही पाणी पाजणं म्हणतो. किती लाल करायचं, कधी बुडवायचं, किती वेळ ठेवायचं, हे सगळं नजरेचं काम. सासरे पाणी पाजायला बसले की दाराला गोणपाट लावलं जायचं, म्हणजे अंधारात लोखंडाचा रंग खरा दिसतो. आणि त्या वेळी कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. शिंक आली तरी सासूबाई पदर तोंडात कोंबायच्या. किल्ल्यावरचे पाथरवट छिन्न्या घेऊन त्यांच्याकडंच येत. माझ्या माहेरी, कळंबलासुद्धा, ‘नळदुर्गच्या म्हाताऱ्याचं पाणी’ असं म्हणत. मी त्या घरात पडले तेव्हा माझ्या वडिलांना केवढा आनंद झाला होता.

पण नाव होतं तरी काम आटत चाललं होतं. सोलापूरहून कारखान्यात केलेले विळे, खुरपी, नांगराचे फाळ दुकानात यायला लागले होते. दिसायला चकचकीत, टिकायला बेताचे. पण दुकानात गेलं की लगेच हातात मिळायचे, लोहाराच्या दारात बसावं लागत नसे. ह्यांचा एक चुलतभाऊ सोलापूरच्या गिरणीत होता. तो त्या वर्षी आखाडात येऊन सांगून गेला की, दसऱ्यानंतर ये, तुला चिकटवून देतो. ह्यांनी हो म्हटलं. मला विचारलं नाही. सांगितलं तेही जेवताना, कालवण वाढ म्हणावं तसं.

मी भांडले. मला भांडता येतं आणि ते मी नीट केलं. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा असाच गिरणीत गेला होता. तो सणावाराला यायचा, पाहुण्यासारखा बसायचा आणि परत जायचा. बहीण इकडं सासरी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. ह्यांनी गिरणी धरली असती तर आमच्याकडं दुसरं काही होणार नव्हतं. सासऱ्यांचा खांदा निकामी झाला होता. पाणी पाजणं त्यांना जमत होतं, पण घडवणं आता होत नव्हतं. सांडशी धरणारा माणूस गेला की घण कुणापुढं मारायचा? भट्टी बंद, आणि मी खुरपं घेऊन कुणाच्यातरी बांधावर. नवरा दूर जाण्याचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर भट्टी विझण्याचंही तितकंच होतं. त्या वयात हे कुणाला बोलून दाखवता आलं नसतं.

शेवटी मी सासऱ्यांकडं गेले. ते कट्ट्यावर तंबाखू मळत बसले होते. म्हटलं, “मामा, तुमी एकदा सांगा की त्यास्नी. तुमचं ऐकत्याल.”

“काय सांगू?”

“जाऊ नगंस म्हणून.”

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. “जाणाऱ्याला म्या अडवत न्हाय. माझ्याजवळ काय ठिवलंय त्याला अडवायला?” एवढं बोलून ते रस्त्याकडं बघत बसले. बाप-लेकात तसं वाकडं काही नव्हतं, पण दोघंही जिभेला कुलूप लावल्यासारखे. मी परत आले आणि राग त्या दिवशीच्या भाकरीवर काढला.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी बेंबळीचे एक शेतकरी आले. त्यांची लेक आमच्या गल्लीत दिलेली होती, तिला सणाला न्यायला ते आले होते. येताना गोणपाटात गुंडाळून एक मोडकं पातं आणलं होतं. त्यांनी कडबा कापायचं यंत्र घेतलं होतं. मोठं चाक हातानं फिरवायचं, चाकाला दोन वाकडी पाती, एका बाजूनं कडबा सारायचा की दुसऱ्या बाजूला बारीक तुकडे पडतात. बैल देठासकट सगळं खातात, वाया काही जात नाही. कडब्याबरोबर खडा गेला आणि पातं मोडलं होतं. नवं मागवलं तर कधी येईल त्याचा नेम नव्हता.

“तुमच्या पाण्याचं लई ऐकलंय,” ते सासऱ्यांना म्हणाले. “असं पातं करून देता का? टिकलं तर आमच्या गावात आनखी यंत्रं हायती, तिकडं कळंबच्या बाजारातबी यायल्यात. पाती तर समद्यांनाच लागणार.”

ह्यांनी ते पातं हातात घेऊन उलटंसुलटं केलं, नख मारून बघितलं, ऐरणीवर टिचकावून आवाज ऐकला. त्यांच्या तोंडावर कित्येक दिवसांत न दिसलेलं काहीतरी दिसलं. पाव्हणे चहा पिऊन गेल्यावर हे मला म्हणाले, “हे जमलं तर म्या सोलापूरला येत न्हाय म्हणून कळवतो. न्हाय जमलं तर दसरा झाला की निघालो. मग तू भांडायचं न्हाईस.”

म्हटलं, “जमलं तर भांडत न्हाय. न्हाय जमलं तर बघू.”

कमानपाटा घ्यायचा हे ठरलेलंच होतं; त्याच्याइतकं चिवट लोखंड आमच्याकडं दुसरं नव्हतं. पाटा तापवून सरळ केला, ठोकून पातळ केला, मोडक्या पात्याशी लावून बाक दिला, भोकं पाडली. घडवण्यात काही अडचण आली नाही. दोन्ही पाती अशी उतरली की सासूबाईसुद्धा बघायला आल्या. मग गोणपाट लागलं, सगळे गप्प झालो, सासऱ्यांनी पातं पिकल्या बोराच्या रंगावर आणलं आणि पाण्यात सोडलं.

टक् असा आवाज आला. लहानसाच, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला. पातं बाहेर काढून पुसलं तर धारेपासून मधल्या भोकापर्यंत केसासारखी चीर.

कुऱ्हाडीला असं कधी झालं नव्हतं. कुऱ्हाड जाड असते, आणि तिची फक्त धार पाण्यात जाते. हे लांब आणि पातळ पातं अख्खंच्या अख्खं बुडवलेलं. पण हे आज कळतं. तेव्हा सासरे म्हणाले, “पाणी कमी पडलं.” आणि आम्हा कुणालाही ते चुकीचं वाटलं नाही. त्यांचा सगळा जन्म ज्या लोखंडात गेला होता ते बिघडायचं ते मऊ पडून. मऊ पडलं की पाणी कडक करायचं: मीठ टाकायचं, गार पाणी घ्यायचं. बिघडलेल्या कामावर आमच्याकडं हा एकच उपाय होता. लोखंड पाणी जास्त झाल्यामुळं रुसू शकतं, हे लोहाराच्या डोक्यात येणारच नाही. दुसऱ्या पात्याला डोणीत, म्हणजे पाण्याच्या दगडी कुंडीत, मूठ-मूठ मीठ पडलं. ते चरचरून बुडालं आणि दोन ठिकाणी फुटलं.

“अजून गार पाह्यजे,” सासरे म्हणाले. “किल्ल्यातलं आन.”

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांध घातलाय, त्याच्या पोटात पाणी महाल आहे. तिथल्या सावलीतलं पाणी गावात सगळ्यात गार. ते आणायचं काम कुणाकडं येणार? डोक्यावर घागर आणि पोटात राग घेऊन मी खेपा घातल्या. वाटेत बायका विचारायच्या, “आगं, घरच्या आडाला पाणी न्हाय व्हय?” म्हणायचे, “हाय की. पण आमच्या लोखंडाला किल्ल्याचंच लागतं, लाडाचं हाय.” त्या गार पाण्यानं पुढची पाती अशी फुटली की एकाचे तर सरळ दोन तुकडे डोणीच्या तळाला सापडले.

सासऱ्यांनी मग पाट्यालाच शिव्या घातल्या. ट्रकचं लोखंड, ह्याला ना गाव ना शीव, ह्याच्यात इमान कुठून येणार, असं काहीबाही. ह्यांनी मात्र पात्याचं नाव काढणं सोडलं. आणि माझ्याशी गोड वागायला लागले. घागर डोक्यावरून उतरवून घ्यायचे, दमलीस का म्हणायचे. तेव्हा मला खरी भीती वाटली. ह्यांनी मनातून हात टेकले होते आणि निघायच्या आधीचे दिवस बरे जावेत एवढंच बघत होते.

रस्त्याच्या पलीकडं लिंबाच्या झाडाखाली एक मिस्त्री ट्रक दुरुस्त करायचे. हैदराबादकडचे मुसलमान, वयानं ह्यांच्यापेक्षा मोठे. गाडीचा एक खिळा ठोकून घ्यायला ते आले आणि फुटक्या पात्यांचा ढीग बघून थांबले. एक तुकडा उचलून म्हणाले, “ये तो कमान का पाटा है. पानी में डाले क्या?”

हे म्हणाले, “व्हय.”

“नक्को भाई. इसको पानी चलता नै. उधर कारखाने में तेल में बुझाते. मैं आँखों से देखा.”

“मग पुढं काय करत्यात?”

“वो मेरे को मालूम नै,” ते हसले. “मैं गाडी का आदमी. पाटा बनानेवाला थोडीच हूँ.”

सासरे कट्ट्यावर होते, त्यांनी सगळं ऐकलं. “लोखंडाला तेल?” ते म्हणाले. “न्हाऊ घालायचंय का त्याला, दिवाळीचं?” आणि आमच्याकडं पाठ करून बसले. मिस्त्रींना त्यात काही लागलं नाही. खिळा घेऊन, सलाम करून गेले. मला मात्र ते वाक्य चिकटलं. नव्या खापराला आम्ही आधी तेल चोळतो, सावकाश तापवतो. तापल्या खापरावर कुणी गार पाणी ओतलं तर ते तडकतं आणि ओतणारीला बोलणी बसतात. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते चुलीपाशी माहीत होतं, भट्टीपाशी नाही.

आता तेल कुठून आणायचं? पातं उभं बुडेल एवढं पाहिजे, म्हणजे अख्खा डबा. आणि घरात डबा एकच होता. सासूबाई वर्षाची करडई घाण्यावर नेऊन तेल काढून आणायच्या आणि ते कुलपात ठेवल्यासारखं सांभाळायच्या. फोडणीला पळी त्या स्वतः घालणार. माझ्या हाताचा त्यांना भरवसा नव्हता, आणि त्यात त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. हे आईपुढं तोंड उघडेनात. मीच गेले.

“आत्या, तेलाचा डबा पाह्यजे. भट्टीला.”

“भट्टीला कामून?”

मी सांगितलं. खाण्याचं तेल आगीत घालायचं हे ऐकून त्या ओरडणार म्हणून मी तयारीत होते, उत्तरंही जुळवून ठेवली होती. त्या उठल्या, फळीवरचा डबा दोन्ही हातांनी उतरवला आणि म्हणाल्या, “पोरगं गेल्यावर ह्या तेलाचं काय लोणचं घालू? घे.” डबा मला दिला नाहीच, स्वतःच उचलून भट्टीपाशी आणून ठेवला. त्या घरात तोवर मी त्यांना सासू म्हणूनच धरून होते. त्यांनाही झोप लागत नसेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सासरे पाठमोरेच बसून होते, म्हणून पातं ह्यांनीच तापवलं. मी भाता ओढत होते. गोणपाट लावलेलं, सगळे गप्प. ह्यांनी पातं तेलात सोडलं आणि भस्सकन जाळ उठला. पात्याचं टोक तेलाच्या वर राहिलं होतं, त्यानं तेल पेटलं. जाळ थेट छपराच्या पाचटाकडं निघाला. ह्यांनी सवयीनं पाण्याची बादली उचलली.

“पाणी नगा टाकू!” मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडं मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला, असं ते पुढं कितीतरी वर्षं सांगत. कढईतलं तेल पेटलं की पाणी घालायचं नसतं, झाकण घालायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कोनाड्याशी सासूबाईंची पितळी परात उभी होती, ती मी डब्यावर उपडी घातली. धूर झाला, वास सुटला, जाळ विझला. आम्ही तिघं खोकत उभे.

सासरे दारात येऊन उभे होते. पाणी पाजताना बोलायचं नाही, हा नियम त्या घरात बहुधा पहिल्यांदाच मोडला होता, आणि तो सुनेनं मोडला होता. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. त्यांनी छपराकडं बघितलं, परातीकडं बघितलं आणि म्हणाले, “पाणी पडलं असतं तर छप्पर गेलं असतं.” आणि आत आले.

परात काढली. पातं काळंकुट्ट झालेलं, तेल गळत होतं. ह्यांनी चिंधीनं पुसलं, उजेडात नेलं, बोट फिरवलं. चीर नव्हती. दोन्ही बाजू बघितल्या, भोकांच्या कडा बघितल्या. कुठंच नव्हती. सासूबाईंनी आपली काळी पडलेली परात उचलली आणि माझ्याकडं असं बघितलं की हसावं का पळावं तेच मला कळेना.

पण आनंद फार टिकला नाही. पात्याला धार लावून ह्यांनी बाभळीच्या गाठीवर एक घाव घातला, तर धारेचा चिमटीएवढा तुकडा उडून गेला. दुसरा घाव घातला, आणखी एक गेला. हे तिथंच खाली बसले. “झालं,” म्हणाले. “फुटत न्हवतं ते आता तुटायलंय.” भांडायला समोर कुणी असतं तर बरं झालं असतं.

सासऱ्यांनी ते पातं उचललं. कानस घेऊन धारेवर ओढली; कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. त्यांनी पुन्हा ओढली. मग ते ह्यांच्यासमोर बसले, आणि आवाजात रागाचा मागमूस नव्हता.

“कडक लई झालंय, म्हणून तुटायलंय. छिन्नीला आपन काय करतो?”

“रंग उतरवतो.”

“मग ह्याला कामून न्हाय?”

खरंच, का नाही? विळ्या-खुरप्यांना त्याची कधी गरज पडली नव्हती म्हणून पात्यालाही कुणी तो विचार लावला नव्हता. दगडावरच्या छिन्नीचं काम वेगळं, कडब्याच्या पात्याचं वेगळं, असंच सगळे धरून चाललो होतो. पाणी पाजल्यावर छिन्नी घासून लख्ख करायची आणि परत हळूहळू ऊब द्यायची, लाल होण्याइतकी नाही, अगदी थोडी. तेवढ्यानं तिचा ताठा कमी होतो आणि ती चिवट होते. किती कमी करायचा ते रंग सांगतात. हे काम सासऱ्यांइतकं कुणालाच येत नव्हतं.

ह्यांनी नवं पातं तेलातून काढलं. ह्या वेळी पूर्ण बुडवलं, आणि परात मी हातातच धरून बसले होते. विटेच्या तुकड्यानं घासून मी ते लख्ख केलं. सासऱ्यांनी लोखंडाचा एक जाड ठोकळा तापवून त्यावर पात्याची पाठ टेकवली आणि सांडशीनं ते इकडून तिकडं सरकवत राहिले. पांढऱ्याशुभ्र पोलादावर पाठीकडून आधी फिकट पिवळा रंग आला. तो कडब्याच्या रंगाचा होऊन धारेकडं सरकला. त्याच्या मागून तांबूस, मग जांभळा, आणि अगदी मागं, पाठीला, निळा. रंग चालतात हे मी छिन्नीवर बघितलं होतं, पण छिन्नीवर ते बोटभर जागेत असतात. एवढ्या लांब पात्यावर सगळे एकामागून एक जाताना मी तेव्हाच बघितले. मला फार सुंदर वाटलं ते. धारेवर जांभळा टेकायच्या आत सासरे ओरडले, “आता पाणी!” आणि पातं साध्या, घरच्या आडाच्या पाण्यात गेलं. काही आवाज झाला नाही.

बाभळीच्या गाठीवर ह्यांनी घाव घातला. लाकडाला खाच पडली, पात्याला काही नाही. पुन्हा घातला. मग मला दिलं. मी मनातला सगळा चुलतभाऊ आणि सगळी गिरणी आठवून घातला. पात्याला काही नाही.

दोन पाती करून ठेवली. बेंबळीचे पाव्हणे लेकीला परत सोडायला आले तेव्हा घेऊन गेले. त्यानंतर सुरू झालं ते वाट बघणं. गाठीवर टिकलं म्हणजे यंत्रात टिकेलच असं नाही. तिथं चाकाचा झोक असतो, कडब्यात खडे असतात. पितृपक्ष गेला, घट बसले, बेंबळीहून काही निरोप नाही. हे म्हणायला लागले, “मोडलं असणार. चांगलं निघालं असतं तर मानूस सांगाया आला असता.” मी म्हणायचे, “मोडलं असतं तर भांडाया आला असता.” पण माझा माझ्यावरच विश्वास नव्हता. चुलतभावाचा मात्र निरोप आला: जागा आहे, उशीर करू नको.

दसऱ्याला आम्ही ऐरण, घण, सांडश्या, हातोड्या धुऊन पुजल्या. आपट्याची पानं दिली-घेतली. सासऱ्यांच्या पाया पडताना हे जरा जास्त वेळ वाकले. सासऱ्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. एवढा राग मला त्यांचा कधी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी हे एस.टी.ची वेळ विचारायला जायच्या बेतात होते. पायात चप्पल घातली होती.

आणि रस्त्यावरून बेंबळीचे पाव्हणे येताना दिसले, खांद्यावर जड गोणपाट. आले, रामराम केला, गोणपाट खाली ठेवलं, आणि सगळ्यात आधी आमचं पातं बाहेर काढलं. म्हणजे मोडलंच, असं मला वाटलं. ह्यांनी पातं घ्यायला हात पुढं केला.

“धार गेली ह्याची,” पाव्हणे म्हणाले. “म्या कानस मारून मारून वापरलं, पर आता नीट लावून पाह्यजे. शेजारपाजारचा समदा कडबा आमच्याच यंत्रावर कापायलेत. म्हणून तर यायला सवड घावली न्हाय.”

हे पातं बघत होते. झिजलं होतं, बोथट झालं होतं. मोडलं नव्हतं. एक टवका उडाला नव्हता. पाव्हण्यांनी गोणपाट उपडं केलं. त्यातून आणखी मोडकी पाती निघाली, वेगवेगळ्या आकारांची, प्रत्येकाला सुतळीनं खूण बांधलेली. “ही गावातली, ही आमच्या साडूच्या गावची, ही कळंबकडली. ह्या मापानं करून पाह्यजेत. कधी देता?”

ह्यांनी तोंड उघडलं. “म्या तर सोलापूरला...”

“आठ-पंधरा दिसांत,” कट्ट्यावरून सासरे म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. “माझा ल्योक घडवंल, सून घण घालंल, रंग म्या बघंन. माझा ल्योक कुठं जायला न्हाय.”

पाव्हणे बरं म्हणाले आणि चहाची वाट बघत बसले. त्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. सासरे ह्यांच्याजवळ आले. चारचौघांत एवढं ठणकावून बोललेला तो माणूस लेकाच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, आणि मला कसंबसं ऐकू येईल अशा आवाजात त्यानं विचारलं, “न्हाय न्हवं रं जात?”

ह्यांनी चप्पल काढली. “न्हाय, आबा,” म्हणाले. मग माझ्याकडं वळून, “भट्टी पेटव की. बघायलीस काय नुसती?”

मी रडत होते. भट्टी पेटलेलीच नव्हती, त्यामुळं धुराचं निमित्त सांगायचीही सोय नव्हती. पाव्हण्यांदेखत, सासऱ्यांदेखत तशीच रडत मी कोळसा घातला आणि भाता ओढायला बसले.